उन्हाळ्यात एकमेकांना पुस्तके सुचवताना

साताऱ्यातील शाहूपुरीत एकाच गल्लीत राहणाऱ्या सात कुटुंबांच्या वतीने एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत एकमेकांना हलकीफुलकी पुस्तके सुचवायची आणि अदलाबदल करून वाचायची, असे या कुटुंबांनी गेल्या वर्षी ठरवले. प्रत्येक घराने आपल्या आवडत्या पाच पुस्तकांची यादी केली, याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि पुस्तके घरोघर गेली. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा त्यांतली बहुतेक न वाचताच परत आली. यंदा काय वेगळे करावे, असे त्यांनी विचारले आहे. सोबत आपल्या घरातल्या वाचकांची माहितीही दिली आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या असून त्यांचे माहेर म्हसवडकडचे आहे. सासरे रोजच्या वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नाहीत. मुलाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे, मुलगी अकरा वर्षांची आहे आणि त्या स्वतः बँकेत नोकरी करतात.

मी साताऱ्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात सत्तावीस वर्षे काम केले आहे. उन्हाळ्यात आमच्या खिडकीवर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य 'काहीतरी हलके द्या' हेच असे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या याद्यांमधली पुस्तके वाईट असण्याची शक्यता कमी आहे. चूक यादी करण्याच्या रीतीत झाली. आपल्याला आवडलेली पाच पुस्तके लिहून काढणे म्हणजे आपली ओळख करून देणे होय. त्यात समोरच्या माणसाचा विचार अजून आलेलाच नसतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले दुसरे 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' आणि तिसरे 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' असे आहे. पुस्तक सुचवणाऱ्याचे सगळे काम या दोन सूत्रांमध्ये येते, आणि ते वाचकापासून सुरू होते. म्हणून यंदा 'मला काय आवडले' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हे मी नेमके कोणाला देतो आहे' या प्रश्नापासून सुरुवात करावी.

त्याआधी 'हलके' या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात. विनोदी ते हलके आणि गंभीर ते जड अशी आपण सरसकट वाटणी करतो. मीही पहिली काही वर्षे तीच करत होतो. एकदा एका बाईंनी हलके पुस्तक मागितले तेव्हा मी विचारपूस न करता त्यांच्या हाती एक प्रसिद्ध विनोदी पुस्तक दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ते परत घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'हे चांगले आहे, पण सध्या मला हसायला जमत नाही.' त्यांचे यजमान तीन आठवडे दवाखान्यात होते आणि त्या उशाशी बसून वाचत होत्या. त्यांना हलके हवे होते ते अशा अर्थाने की चार पाने वाचून मिटता यावे, पुन्हा उघडताना मागचे आठवावे लागू नये आणि पुस्तकाने आपल्याकडून काही मागू नये. मी त्यांना दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' दिले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गावरचे ललित लेख आहेत. वैशाख चालू होता, म्हणून तेवढाच लेख आधी वाचा, असे मी सुचवले. ते पुस्तक त्यांनी महिनाभर ठेवले. तेव्हापासून 'हलके' म्हणजे कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे विचारल्याशिवाय मी कपाटाकडे वळलो नाही.

आता विचारायचे कसे, ते सांगतो. 'तुम्हाला काय वाचायला आवडते?' या प्रश्नाचे उत्तर माणूस आपल्या प्रतिष्ठेला शोभेल असे देतो. त्यात खोटेपणा नसतो, पण त्या उत्तरावरून पुस्तक निवडले तर ते बहुधा टेबलावरच राहते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: शेवटी पूर्ण झालेले पुस्तक कोणते, आणि अर्ध्यात राहिलेले कोणते व ते कुठे राहिले? यातला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे. पुस्तक परत आले की ते जमा करण्यापूर्वी आम्ही अंगठ्याने पाने सर्रकन सोडून पाहत असू, कारण आत चिठ्ठ्या, नोटा, क्वचित चष्म्याची दांडीसुद्धा राहून जाते. चारशे पानांच्या एका कादंबरीत अडतिसाव्या पानावर सातारा ते कराड प्रवासाचे एसटीचे तिकीट घडी घालून ठेवलेले निघाले, तेव्हा त्या वाचकाला 'आवडले का?' असे विचारून अवघडवण्यात अर्थ नव्हता. अडतीस पानांत अकरा पात्रे आली होती आणि ती कोण कोणाचे कोण हे लक्षात ठेवायला त्यांना बसच्या गर्दीत जमले नव्हते. सुरुवातीलाच पुस्तक सुटले तर बहुधा पात्रांची किंवा प्रस्तावनेची अडचण असते. मध्यावर सुटले तर गोष्ट रेंगाळलेली असते. शेवटची चाळीस पाने राहिली असतील तर वाचकाला पुढे येणारे दुःख दिसलेले असते आणि ते त्याला नको असते. या तिन्ही वाचकांना पुढचे पुस्तक वेगवेगळे द्यावे लागते.

आपल्या सासूबाईंपासून सुरुवात करू. त्या पूर्वी खूप वाचत, पण आता डोळे शिणतात आणि दोन पाने झाली की डुलकी लागते, असे आपण लिहिले आहे. अशा वाचकाला मोठी कादंबरी देऊ नये, कारण प्रत्येक दुपारी मागचा धागा शोधण्यातच त्यांची शक्ती संपते. त्यांचे माहेर माणदेशातले असल्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' (१९४९) मी पहिले सुचवीन. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात जन्मलेल्या या लेखकाने आपल्या मुलखातली माणसे एकेका लेखात उभी केली आहेत. एका बैठकीत एक माणूस वाचून होतो आणि भाषा त्यांच्या कानावरून गेलेली आहे. पुस्तक घेताना मात्र अक्षराचा आकार पाहावा. जुन्या आवृत्त्यांचा कागद पिवळा आणि टाइप बारीक असतो. दुपारी खिडकीशी बसून डोळ्यांपासून हातभर अंतरावर वाचता येईल अशीच प्रत निवडावी. लेखक कितीही आवडता असला तरी वाचवत नसेल तर ते पुस्तक त्या वाचकासाठी जडच झाले.

त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट करता येईल, आणि ती मला फार मोलाची वाटते. रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर नातवाने किंवा नातीने त्यांना एक कथा मोठ्याने वाचून दाखवावी. मे महिन्यात साताऱ्याला दिवसभर कितीही तापले तरी रात्री वारा सुटतो आणि तासभर बसता येते. यासाठी द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या ग्रामीण कथा घ्याव्यात. हे दोघे आणि व्यंकटेश माडगूळकर असे तिघे मिळून गावोगावी कथाकथन करत. त्यामुळे या कथांची वाक्येच श्वास घेऊन बोलण्याच्या मापाची आहेत आणि हशा कुठे येणार हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. मिरासदारांच्या 'व्यंकूची शिकवणी' किंवा 'माझ्या बापाची पेंड' या कथांपासून सुरुवात केली तर वाचणारे मूल स्वतःच थांबून हसू लागते. मोठ्याने वाचणाऱ्याने आधी एकदा मनात वाचून घ्यावे, कारण बोलीतले काही शब्द आजच्या मुलांना अडतात. ते शब्द आजीला विचारावेत. तिला ते ठाऊक असतात आणि सांगताना तिची झोप जाते.

सासऱ्यांविषयी आपण 'ते वाचत नाहीत' असे लिहिले आहे. मला ते मान्य नाही. रोज दीड तास वर्तमानपत्र वाचणारा माणूस वाचकच असतो. त्याला कल्पित गोष्टीत रस नसतो इतकेच. त्यांना विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' द्यावा. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. हे लेखन पुस्तकरूपाने १९०७ साली प्रसिद्ध झाले. विषय युद्धाचा आणि कत्तलीचा असल्यामुळे याला हलके कसे म्हणावे, असे कोणी विचारील. पण प्रत्यक्ष पाहिलेले जसेच्या तसे सांगणारा माणूस समोर बसला आहे असे वाटत राहते आणि पाने भराभर उलटतात. बातमीची सवय असलेल्या वाचकाला ते विनोदी लेखसंग्रहापेक्षा सोपे जाते. जुनी भाषा पहिली दहा-बारा पाने अडखळवते, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे.

दहावी दिलेल्या मुलाच्या बाबतीत घाई करू नये. वर्षभर पुस्तक म्हणजे परीक्षा हेच त्याने पाहिले आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये त्याच्या हाती कोणीही काही देऊ नये. मे उजाडल्यावर त्याला मोबाइलवर तो काय पाहतो ते विचारावे. रहस्यमालिका पाहत असेल तर सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात मिळतात. राय यांनी हा गुप्तहेर १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी निर्माण केला. स्वतः चित्रपट दिग्दर्शक असल्यामुळे की काय, त्यांच्या कथेत खोली, गल्ली आणि माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि पाहण्याची सवय असलेल्या मुलाला नेमके तेच हवे असते. अंतराळाची आवड असेल तर जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह द्यावा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' त्याला नक्की आवडेल, कारण ती नववीतल्या मुलांची गोष्ट आहे, पण ती आईवडिलांनी सुचवू नये. त्या वयातल्या पहिल्या ओढीची ही कादंबरी आईने हातात दिली तर मुलगा संकोचतो आणि बाजूला ठेवतो. शेजारच्या घरातल्या कॉलेजमधल्या ताईने किंवा दादाने द्यावी. सात कुटुंबे एकत्र आल्याचा हा मोठा लाभ आहे: जे पुस्तक आपण आपल्या मुलाला देऊ शकत नाही, ते शेजारी सहज देऊ शकतो.

अकरा वर्षांच्या मुलीसाठी फार विचार करावा लागणार नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची दोन पुस्तके एकदम आणून ठेवावीत. फुरसुंगीचा हा सायकलवाला मुलगा पहिल्या पुस्तकात आवडला की उरलेली ती स्वतः मागते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. भर दुपारी घराबाहेर पडता येत नाही तेव्हा त्यांचा उपयोग होतो.

ताई, आपल्यासाठी मी कराडचे पुस्तक सुचवतो. कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणाऱ्या प्रकाश नारायण संत यांनी लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी ती चार पुस्तके आहेत. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपल्याच मनाशी बोलत गाव पाहत असतो. एका कथेत फारसे काही घडत नाही आणि तरी ती संपल्यावर आपण जरा वेळ तसेच बसून राहतो. बँकेतून आल्यावर स्वयंपाकाआधी जी वीस-पंचवीस मिनिटे आपल्याला मिळतात, असे आपण लिहिले आहे, त्यांत यातली एखादी कथा दोन बैठकांत पुरी होते. पुस्तके याच क्रमाने वाचावीत. हसण्यामागची हुरहुर पुढेपुढे गडद होत जाते, आणि 'झुंबर' आधी हाती आले तर तिची वाट कळत नाही.

उन्हाळी वाचनासाठी आणखी एक साठा आपल्या घरांतच पडून असतो, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे मागचे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत फराळ, पाहुणे आणि प्रवास यांत अंक चाळला जातो, वाचला जात नाही. मे महिन्यात तोच अंक निवांत हाती घ्यावा. एका अंकात कथा, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, कविता आणि व्यंगचित्रे एकत्र असतात, म्हणून ज्याला आपली आवड अजून सापडलेली नाही त्याच्यासाठी याहून चांगली चव नाही. कोणता लेख पूर्ण वाचला गेला ते पाहावे आणि त्याच जातीचे पुस्तक पुढे द्यावे. आमच्या वाचनालयात एप्रिल लागला की दिवाळी अंकांचे कपाट पुन्हा पुढच्या दालनात आणून ठेवत असू, आणि त्यातून नव्याने वाचायला लागलेले कितीतरी सभासद मला आठवतात. रहस्य आणि गूढ आवडणाऱ्यांनी 'नवल'चे जुने अंक कोणाकडे असतील तर जरूर मागून घ्यावेत.

आता सुचवण्याच्या पद्धतीकडे वळतो. व्हॉट्सॲपवरची यादी बंद करावी आणि प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाच्या आकाराची एक चिठ्ठी घालावी. तिच्यावर 'अप्रतिम', 'वाचायलाच हवे' असे शब्द लिहू नयेत, कारण त्यांनी वाचकावर आवडून घेण्याचे ओझे येते. पुस्तक कशाविषयी आहे, किती वेळ लागतो, कुठे धीर धरावा लागतो आणि कोणाला देऊ नये, एवढेच लिहावे. नमुना म्हणून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीची चिठ्ठी मी अशी लिहीन: 'औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. पुस्तक लहान आहे, दोन-तीन दुपारी पुरतात. सुरुवातीला तो एकटा चालत असतो आणि काही घडत नाही. वाडी येईपर्यंत थांबावे. शेवटी दुष्काळ येतो, म्हणून मन खचलेल्या माणसाला सध्या देऊ नये.' कोणाला देऊ नये ही शेवटची ओळ लिहायला बहुतेकांना अवघड जाते, कारण आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी सावध करणे म्हणजे त्याला कमी लेखणे वाटते. प्रत्यक्षात त्याच ओळीमुळे वाचकाचा आपल्यावर विश्वास बसतो आणि पुढच्या वेळी तो आपल्याकडेच विचारायला येतो.

एका वेळी दोनच पुस्तके द्यावीत आणि ती एकमेकांपासून वेगळी असावीत. एकच दिले तर आग्रह होतो आणि पाच दिली तर निवड करण्यातच सुट्टी जाते. दोनांतले एक न वाचता परत करण्याची मोकळीक आपोआप मिळते. परत येणाऱ्या पुस्तकाबद्दल 'वाचले का?' असे कोणी विचारू नये, हा नियम सातही घरांनी पहिल्याच दिवशी मान्य करावा. गेल्या वर्षी पुस्तके घराघरांत अडकून राहिली त्याचे एक कारण हेही असावे की न वाचता परत करायची सोय नव्हती. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले पुस्तक न उघडता परत नेणे कठीण जाते, म्हणून ते जूनपर्यंत तसेच ठेवले जाते. वाचनालयात आम्ही कोणाला जाब विचारत नाही, आणि त्यामुळेच लोक धाडसाने अनोळखी लेखकाचे पुस्तक उचलतात. आठवडाभराचा मुक्काम ठरवावा, दर शनिवारी पुस्तके एका घरात जमा व्हावीत आणि न वाचलेलेही निमूटपणे पुढे जावे. पानांचे नुकसान टाळण्यासाठी एवढेच करावे: आंबा खाल्लेल्या हातांनी पुस्तक उघडू नये, कारण रसाचा डाग जात नाही आणि पाने एकमेकांना चिकटतात, आणि गमाने चिकटवलेल्या बांधणीची पुस्तके बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत, कारण ती कण्यापाशी सुटतात. वळवाचा पाऊस केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून गच्चीवरचे वाचन आटोपले की पुस्तक आठवणीने खाली आणावे.

शेवटी एक प्रत्यक्ष सूचना करतो. मेच्या पहिल्या आठवड्यात सातही कुटुंबांनी मिळून एक दिवस भिलारला जावे. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच्या स्ट्रॉबेरीच्या या गावात ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' सुरू झाले. पंचवीस ठिकाणी, त्यांतली बरीचशी गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, वेगवेगळ्या साहित्यप्रकारांची पुस्तके मांडली गेली आणि कोणीही तिथे बसून ती विनामूल्य वाचू शकतो. पुस्तके तिथेच वाचायची असल्यामुळे पूर्ण करण्याचे दडपण नसते. दिवसभरात आठ-दहा पुस्तकांची पहिली दहा पाने सहज वाचून होतात. तिथे प्रत्येकाने स्वतःसाठी काही शोधू नये. सातांपैकी दुसऱ्या एका घरातल्या एका माणसाचे नाव मनात धरून त्याच्यासाठी दोन पुस्तकांची नावे वहीत लिहावीत, आणि त्या दहा पानांत काय आढळले ते लगेच चिठ्ठीवर उतरवून ठेवावे. परत आल्यावर ती पुस्तके आपल्या वाचनालयात मागावीत. प्रत बाहेर गेलेली असेल तर मागणी नोंदवून ठेवावी. मे महिन्यात कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तके लवकर बाहेर जातात, म्हणून भिलारहून आल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशीच खिडकीवर यावे आणि येताना चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. नेमके ते पुस्तक मिळाले नाही तरी चिठ्ठी वाचून त्या वाचकासाठी दुसरे काय देता येईल, हे खिडकीवरच्या माणसाला सांगता येते.